माझं पोहणं, आईची आखाजी

सातवीची परीक्षा संपली त्या दुपारी माझ्या शेजारच्या बाकावरच्या मुलीने मला तिची स्लॅमबुक भरायला दिली. स्लॅमबुक म्हणजे त्या वर्षांत सुरतेतल्या शाळांमध्ये पसरलेली साथच होती. प्रत्येक पानावर तेच ते प्रश्न. आवडता रंग, आवडती भाजी, आवडता हीरो, आणि खाली एका ओळीत, हॉबी. रंग, भाजी, हीरो मी भराभर लिहून टाकले. हॉबीपाशी पेन अडलं. आधीची पानं उलटून बघितली. कुणी गायन लिहिलं होतं, कुणी स्केटिंग, कुणी पोस्टाची तिकिटं जमवणं. जिची स्लॅमबुक होती तिचे वडील बँकेत साहेब होते. ती चित्रं काढायची आणि सिंथेसायझरच्या क्लासला जायची. मी काय करायचे? मी साड्यांचे धागे कापायचे. आई मार्केटातल्या साड्यांचे सुटे धागे कापायचं काम घरी आणायची आणि शाळेतून आल्यावर मीही कात्री घेऊन तिच्यासमोर बसायचे. ते काय हॉबीत लिहायचं? मी 'वाचन' असं लिहिलं. वाचन! आमच्या घरात वाचायला एक कॅलेंडर होतं आणि मामाची पोस्टकार्डं होती.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. या वेकेशनमध्ये आपल्याला हॉबी पाहिजे म्हणजे पाहिजे. आम्ही सुरतेच्या लिंबायत वस्तीत एका खोलीत राहायचो. बाबा लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, कामाला होते, बारा बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. मी एकुलती एक. एकुलतं एक असल्याचे जे काही तोटे असतात ते सगळे आईबापांच्या वाट्याला आले आणि फायदे माझ्या, हे मी आता कबूल करते.

पहिल्यांदा मी तिकिटं जमवायला घेतली. तर आमच्याकडे येणारी सगळी पत्रं म्हणजे पोस्टकार्डं, त्यांच्यावर तिकीट छापलेलंच असतं. कात्रीने एक कापून बघितलं तेव्हा मागच्या बाजूने आजोबांच्या खोकल्याबद्दलचं अर्धं वाक्य गेलं. मग विणकाम. बाबांनी खात्यातून वाया गेलेलं सूत आणून दिलं. ते पॉलिएस्टरचं, गुळगुळीत, सुईवर ठरेचना. चार टाके घातले की तीन सुटायचे. सुरतेच्या एप्रिलमध्ये घाम पुसत मफलर विणणारी मी एकटीच शहाणी असेन. मग जत्रेतून आणलेली एक बासरी फळीवरून काढली आणि दुपारी वाजवायला बसले. बाबांची त्या आठवड्यात रातपाळी होती, ते बिचारे नुकते डोळे मिटून पडले होते. दुसऱ्याच फुंकरीला चप्पल आली. नेम चुकला, पण हॉबी सुटली.

आठवड्याभरात ती बँकवाल्यांची मुलगी सांगत आली की म्युनिसिपालिटीच्या तरणकुंडात मुलींची पोहण्याची बॅच निघाली आहे, सकाळी सात ते आठ, एकवीस दिवस. ती जाणार होती. मीही जाणार, असं मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, घरी न विचारता. आमच्या गल्लीत मुलींनी पोहायचं ही गोष्टच नव्हती. बाबांनी ऐकलं आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात, लूमच्या खडखडाटावरून बोलायची त्यांना सवयच होती, ते म्हणाले, "कपडे काढून पाण्यात उतरायचं? काही गरज नाही." मी तोंड फुगवून बसले. मला वाटलं आई त्यांचीच बाजू घेईल. पण आई धागे कापता कापता थांबली आणि म्हणाली, "माले कोन्ही शिकाडं नही. हिले शिकू द्या."

आई घरात अहिराणीच बोलायची. रागावली की तीच, लाडात आली की तीच. तिच्या माहेरी, अमळनेरच्या बाजूला, शेतात मोठी विहीर होती. तिचे भाऊ, चुलतभाऊ त्या विहिरीत धपाधप उड्या मारायचे आणि ही वर काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायची. हे तिने मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. फी तिनेच भरली. मैत्रिणीचा जुना निळा पोहण्याचा ड्रेस मला खांद्यावर सैल होता, तो तिने रात्री बसून टाके घालून बेतात आणला. पहिल्या सकाळी मला टॉवेलात गुंडाळलेला ड्रेस देताना ती माझ्यापेक्षा जास्त खूश होती.

पहिले सहा दिवस झकास गेले. पोहलो असं नाही. कठड्याला धरून पाय मारायचे, तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढायचे, एवढंच. शिकवणाऱ्या बेन काठावरून ओरडायच्या, "माथुं अंदर नाख, बीक शानी?" डोकं आत घाल, भीती कसली, असं. मी ते जेमतेम कपाळापर्यंत घालायचे. मला पोहण्यापेक्षा सांगायची मजा जास्त येत होती. गल्लीतल्या प्रत्येकाला मी सांगितलं. किराणावाल्याला सांगितलं. ज्याने विचारलं नाही त्यालाही सांगितलं. पुढच्या वेळी कुणी स्लॅमबुक दिली तर काय लिहायचं ते माझं ठरलेलं होतं.

सातव्या दिवशी क्लासहून घरी आले तर मामा आला होता.

इथे आखाजीबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर मी काय केलं ते कळायचं नाही. अक्षय्य तृतीयेला आम्ही खान्देशातली माणसं आखाजी म्हणतो. बाकीच्यांना दिवाळी मोठी, आमच्या बायकांना आखाजी. उन्हाळ्यात शेतं रिकामी असतात, आंबे आलेले असतात, आणि सासरी गेलेल्या सगळ्या लेकी माहेरी येतात. लिंबाच्या झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, रस-पोळी खातात, आणि सासूचं, नवऱ्याचं, कामाचं नाव काढत नाहीत. पण लेक उठून आपणहून जात नाही. तिला न्यायला माहेरचा माणूस यावा लागतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी येतो, एक मुक्काम करतो आणि तिला घेऊन जातो. आईसाठी दर वर्षी तिचा भाऊ, माझा मामा, यायचा. संक्रांत झाली की आई बोटांवर महिने मोजायला लागायची. वर्षाचे ते आठ दिवस सोडले तर मी तिला कधी दुपारी आडवं पडलेलंही पाहिलं नाही.

तर मामा येऊन बसला होता. पांढरी टोपी मांडीवर, बाजूला कुरडयांची पिशवी. आईने बॅग खाली काढून झटकली होती आणि ती गाणं गुणगुणत चहा करत होती. "ऊनी का मनी भाची," मामा म्हणाला, "चल, कपडा भर. तुनी आजी वाट दखी राह्यनी."

मी म्हटलं, "मला नाही यायचं. माझा क्लास आहे."

सलग तीन दिवस गैरहजर राहिलं तर नाव कमी, असं बेननी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मामा हसला. त्याला वाटलं पोर चेष्टा करतेय. आई मला बाहेर ओट्यावर घेऊन गेली आणि समजावू लागली. क्लास काय, पुढच्या वर्षीही असतो. मैत्रिणीच्या आईला मी सांगते. गावात आंबे आहेत, झोका आहे. मी म्हटलं, तू जा, मी राहते. ते शक्य नव्हतं हे मलाही ठाऊक होतं. बाबांची पुन्हा रातपाळी लागणार होती, आणि तेरा वर्षांची मुलगी खोलीत एकटी ठेवून आई जाणार नव्हती. मी येते तर ती जाते, मी थांबते तर ती थांबते, असा सरळ मामला होता. आणि तरीही मी म्हटलं, "तुला माहेर आहे. मला काय आहे? एक हॉबी मिळाली तीही घालवू?"

काय ते वाक्य! आज आठवलं तरी स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. तेरा वर्षांच्या पोरीला सगळं असताना ती आईला विचारते, मला काय आहे. मी त्या दिवशी दुपारी जेवले नाही, संध्याकाळीही ताट सरकवलं. सकाळी उठून टॉवेल घेऊन क्लासला निघून गेले. परत आले तेव्हा बॅग पुन्हा फळीवर गेली होती.

मामा निघताना ओट्यापर्यंत आला आणि थांबला. "आखाजीले मुऱ्हाळी रिकामा जास का कुठे, बहिन? गावमा लोक काय म्हनतीन?"

"औंदा नही जमत भाऊ," आई म्हणाली. "मी कार्ड टाकसू."

माझं नाव तिने काढलं नाही. पोरीने हट्ट धरला, एवढं सांगितलं असतं तर मामाने माझा कान पिळून मला गाडीत बसवलं असतं, हे तिला माहीत होतं. तो खाली मान घालून रिक्षात बसला. रिकामा परतलेला मुऱ्हाळी पुन्हा आपणहून येत नाही. "आता पाठवा" असा निरोप लेकीकडून जावा लागतो. आईच्या गावात तरी तशी रीत होती.

मामा गेल्यानंतर चौथ्या दिवशी मी पोहणं सोडलं.

झालं असं की माझी मैत्रीण तिच्या काकांकडे पुण्याला निघून गेली, आणि बेननी आम्हाला कठडा सोडायला लावला. मी नको नको म्हणत असताना त्यांनी माझा हात सोडवला. मी खाली गेले. नाकात, तोंडात, कानात पाणी. पायाखाली काही नाही. फार तर चार सेकंद गेले असतील, बेननी लगेच दंडाला धरून वर काढलं, पाठीवर थोपटलं, म्हणाल्या, सगळ्यांचं असंच होतं. सगळ्यांचं होत असेल. मी बाहेर येऊन कपडे बदलले आणि पुन्हा त्या पाण्यात पाय घातला नाही.

घरी सांगणं भागच होतं. पण सांगायचं कसं? आईची आखाजी जाऊन तीनच दिवस झाले होते. आखाजीच्या दिवशी गल्लीतल्या बायकांनी एकीच्या दाराच्या तुळईला दोर बांधून झोका केला होता, आणि आई तिकडे न जाता दिवसभर धागे कापत बसली होती. आता तिला सांगू की ज्याच्यासाठी तू राहिलीस ते मला नकोय? दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नेहमीसारखा टॉवेल हातात दिला, आणि मी तो घेऊन निघाले.

उरलेले नऊ-दहा दिवस मी हेच केलं. तरणकुंडाच्या अलीकडे एक बाग होती. तिथे बाकावर बसायचे, आठ वाजले की माळ्याच्या नळाखाली डोकं धरायचे, ड्रेस भिजवून पिळायचे आणि घरी यायचे. एकदा आईने माझे केस पुसताना विचारलं की त्या पाण्याच्या औषधाचा वास हल्ली कसा येत नाही. मी म्हटलं, आता टाकत नाहीत. तिचा विश्वास बसला. माझ्या सगळ्याच बोलण्यावर तिचा विश्वास बसायचा. ती ओला ड्रेस दोरीवर अशा जागी वाळत घालायची की जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसावा, आणि बायकांना सांगायची, "मनी पोर पव्हाले शिकनी." मी आत बसून ऐकायचे आणि मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

क्लास संपायच्या दिवशी आईने पोस्टकार्ड काढलं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. चौथीत गेल्यापासून तिची पत्रं मीच लिहायचे. ती भिंतीला टेकून बसायची, डोळे मिटायची आणि समोर माणूस बसल्यासारखी बोलायची, आणि मी ते शाळेतल्या मराठीत करून लिहायचे. त्या दिवशी तिने आधी सगळ्यांची विचारपूस केली. आजोबांचा खोकला, म्हैस व्याली का, आंबे किती आले. मग म्हणाली, भाऊला लिही, तू रिकामा गेलास त्याचं मला फार लागलं. मी लिहिलं. मग ती जरा सावरून बसली.

"लिख, पुढला साले आखाजीले नक्की मुऱ्हाळी धाडज्या. मी येसू. पोरलेबी संगे लई येसू. पोर पव्हाले शिकनी शे, आपली विहीरमा उडी मारीसन दखाडी."

माझं पेन थांबलं. ती विहीर मी पाहिलेली होती. काठावरून वाकलं की खूप खाली काळं पाणी दिसायचं. डोळ्यांसमोर आलं ते असं: सगळं गाव काठावर जमलंय, मामा म्हणतोय मार उडी, आई पदर सावरत पुढे उभी आहे, आणि मी. पाण्याची भीती होतीच, पण आईसमोर खोटं उघडं पडायची जास्त होती.

मी मान खाली घातली आणि पेन हलवत राहिले. लिहिलं ते असं: "इकडे आम्ही सर्व मजेत आहोत. कामाची घाई असते. बाकी सर्व ठीक." खाली आईचं नाव, आणि पत्ता. मुऱ्हाळी नाही, आखाजी नाही, विहीर नाही. माझा हिशेब तेरा वर्षांच्या डोक्याचा होता. एक वर्ष टळलं तर टळलं, तोपर्यंत ती पोहण्याचं विसरेल. मामा निरोपाची वाट बघत बसेल हे माझ्या मनातच आलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. मनात आलं होतं. पेटीत कार्ड टाकताना हात थांबला होता. पण टाकलं.

पंधरा दिवसांनी मामाचं उत्तर आलं. दोन ओळी. खुशाल आहोत, पाऊस लांबलाय, पेरणी व्हायची आहे. मी वाचून दाखवलं. आई कात्री खाली ठेवून ऐकत होती. वाचून झालं तरी ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"मुऱ्हाळीनं काय लिखं?" तिने विचारलं.

"पाठवतो म्हणालाय मामा," मी म्हटलं.

हे पत्रातलं दुसरं खोटं. पहिलं मी गाळलं होतं, हे मी घडवलं. आईने ते कार्ड माझ्या हातातून घेऊन डोळ्यांना लावलं आणि देवाच्या फळीवर ठेवलं. नंतरच्या पत्रांत तिने पुन्हा कधी आखाजीचा विषय काढला नाही. मी एकदा, माझ्यावरचं ओझं कमी व्हावं म्हणून, विचारलं की मामाला आठवण करून द्यायची का. ती म्हणाली, एकदा हो म्हटलंय त्याने, पुन्हा पुन्हा काय लिहायचं, भाऊ आहे तो माझा.

पुढची आखाजी आली. चार दिवस आधीच आईची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. तिने आजीसाठी चोळीचं कापड घेतलं होतं, मामाच्या मुलांसाठी खाऊ घेतला होता, साड्यांचं काम आधीच सांगून बंद केलं होतं. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली की ती झाडू घेऊन बाहेर जायची. ओटा सकाळपासून चार वेळा झाडून झाला होता. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "गाड्या काय बंद पडल्यात? पोरीला घे आणि जा." आई म्हणाली, "कोन्ही लेवाले ऊनाबिगर आखाजीले कोन जास? गावमा तोंड कसं दखाडू?" आखाजीच्या दिवशी तिने पुरण घातलं. बाबांना वाढलं, मला वाढलं. स्वतः पानावर बसली आणि पोळीचा तुकडा मोडून तशीच राहिली. मग म्हणाली, त्याला काही अडचण आली असेल. सांगायला हवं होतं मला. अजूनही सांगता आलं असतं. आठ तासांची तर गाडी होती. मी रस ओरपत होते.

त्याच्या पुढच्या वर्षी तिने बॅग काढली नाही. साड्यांचं काम चालू ठेवलं. झोका बांधायला बायका बोलवायला आल्या तर डोकं दुखतं म्हणाली. गल्लीतल्या एका मावशींनी विचारलं, का गं, माहेरचं कुणी येत नाही हल्ली? आई म्हणाली, "त्यासना त्यासना संसार शे." तेवढं बोलून ती आत आली आणि मोरीत जाऊन बराच वेळ भांडी घासत राहिली.

त्या पावसाळ्यात गावाकडचा एक माणूस सांगत आला की आजोबा बैलगाडीवरून पडले, मांडीचं हाड मोडलं. आता मात्र न्यायला येण्याची वाट बघायची नव्हती. आई आणि मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघालो आणि तिसऱ्या प्रहरी गावात पोचलो. आजोबा खाटेवर होते, पायाला फळ्या बांधलेल्या, पण बोलत होते. आईला बघून रडले. आजी रडली. मामी दारात उभी होती. ती म्हणाली, "सुरतवालीस्ले आठवन उनी का मग?"

आईला कळेना. मामा बाहेरून आला, त्याने आईकडे बघून नुसती मान हलवली आणि आजोबांच्या पायाशी बसला. आईने पाणी पिऊन झाल्यावर शांतपणे विचारलं, "भाऊ, दोन साल वाट दखी. ऊना नही?"

"कशा येवू?" मामा एकदम म्हणाला. दोन वर्षांचं साठलेलं बाहेर आलं. "रिकामा धाडं माले. गाव हासनं. तरी म्हनं, बहिननं कार्ड ई, मंग जासू. तू एक शब्द लिखा नही."

"लिखं व्हतं ना भाऊ. पोरनीच लिखं व्हतं." आणि ती माझ्याकडे वळली. "लिखं व्हतं ना वं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. पंधरा वर्षांची होते मी. एवढी लहान नव्हते. मी म्हटलं, "लिहिलं होतं. पोचलं नसेल."

मामा उठला. भिंतीवर खिळ्याला एक तार टांगलेली होती, तिच्यात घरात आलेलं प्रत्येक पत्र टोचून ठेवायची त्याची पद्धत होती. त्याने तारेतली कार्डं एकेक वर सरकवली आणि माझं अक्षर असलेलं ते कार्ड बाहेर काढलं. आखाजीनंतरचं पहिलं हेच, म्हणाला, पुढच्या एकातही आखाजीचं नाव नाही. मग सातवी शिकलेल्या माणसाच्या ठसठशीत आवाजात त्याने ते वाचलं. आजोबांचा खोकला, म्हैस, आंबे. तू रिकामा गेलास त्याचं फार लागलं. इकडे आम्ही सर्व मजेत आहोत. कामाची घाई असते. बाकी सर्व ठीक.

"आनि तू उलट काय लिखं?" आईने विचारलं.

"काय लिहिनार? खुशाली लिखी."

मी जमिनीकडे बघत होते. मला वाटलं आता ती उठेल आणि सगळ्यांसमोर मला थोबाडीत देईल. द्यावी, असंही वाटत होतं. तेवढ्यावर सुटले असते. मामी तोंडाला पदर लावून उभी होती. आईने डोक्यावरचा पदर नीट केला.

"मीच सांगाले भुली गऊ व्हसू," ती मामाला म्हणाली. "मनीच चूक, भाऊ."

मामाचा चेहरा उतरला. तो म्हणाला जाऊ दे, झालं ते झालं. मामीने चहा टाकला. आम्ही चार दिवस राहिलो. आईने आजोबांचे पाय चेपले, आजीच्या डोक्याला तेल लावलं, विहिरीवरून पाणी आणलं. माझ्याशी ती नेहमीसारखीच बोलत होती, जेवायला हाक मारत होती, रात्री पांघरूण घालत होती. परतीच्या गाडीत मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा तिने खिडकीबाहेर काहीतरी दाखवलं. ते टाळणं होतं हे कळायचं माझं वय होतं. मी मात्र गप्प बसायला सबब मिळाली म्हणून गप्प बसले.

सुरतेला आल्यावर दोन-तीन दिवसांनी, दुपारचं काम आटोपून, आईने आजोबांची तब्येत विचारायला पोस्टकार्ड काढलं. मी पुस्तक मिटलं आणि पेन शोधायला लागले.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तू तुना अभ्यास कर."

कार्ड घेऊन ती शेजारच्या खोलीतल्या वहिनींकडे गेली. त्या वहिनी चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या, एक एक अक्षर जोडून लिहायच्या. मधली भिंत पातळ होती. मला आईचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. ती एक वाक्य सांगायची, थांबायची, आणि प्रत्येक वाक्यानंतर म्हणायची, "लिखं? वाचीसन दखाड."

सहा वर्षं मी तिची पत्रं लिहिली होती. मला तिने एकदाही वाचून दाखवायला सांगितलं नव्हतं.